उझबेक सिनेमा 'तू अनाथ नाहीस' (१९६२) ८ ते १३ वयाच्या मुलांना दाखवायचाय, मदत हवी

बालचित्रवेडी

नमस्कार मंडळी,

आम्ही काही पालक मिळून सोसायटीच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा मुलांना सिनेमा दाखवतो. साधा प्रोजेक्टर, पांढरी भिंत, खाली सतरंज्या, आणि सिनेमा संपला की मुलांबरोबर गप्पा. इराणी सिनेमे झाले, जपानी ॲनिमेशन झालं, मराठी तर झालेच. आता सोव्हिएत काळातला पण रशियाबाहेरचा, मध्य आशियातला एखादा दाखवावा असं मनात होतं आणि शोधताना शुहरत अब्बासोव यांचा 'सेन येतिम एमासान' म्हणजे 'तू अनाथ नाहीस' हाती लागला. १९६२ चा, ब्लॅक अँड व्हाइट, ताश्कंदच्या उझबेकफिल्मचा. दुसऱ्या महायुद्धात ताश्कंदमधला एक लोहार आणि त्याची बायको युद्धात आईबाप गमावलेली चौदा मुलं घरी आणतात, प्रत्येक मूल वेगळ्या मुलखातलं, वेगळी भाषा बोलणारं, आणि मग त्या एका अंगणात ही सगळी कशी राहतात, एवढीच गोष्ट. मी एकटीने बघितला तेव्हा मला खूप आवडला. लोहार झालेले ओबिद जलीलोव आणि त्याची बायको झालेल्या लुत्फीखानिम सारिमसाकोवा यांचे चेहरे अजून डोळ्यासमोर आहेत, दोघं अभिनय करतायत असं कुठे वाटतच नाही.

आता अडचण अशी की आमच्यातल्या दोन पालकांना हा नकोय. एकांचं म्हणणं मुलांना फार जड जाईल, युद्ध, आईबाप नसणं, भूक, हे आठ वर्षांच्या मुलाला कशाला. दुसरे म्हणतात हा सरळ सरळ सरकारी प्रचार आहे, सगळ्या जातीजमाती गुण्यागोविंदाने राहतात हे दाखवायला काढलेला, तो मुलांपुढे का ठेवायचा. मला दोन्ही मुद्द्यांवर नीट बोलता यायला हवंय. शिवाय सुरू करायच्या आधी मुलांना किती इतिहास सांगावा, आणि याच्या आधीमागे दाखवण्यासारखं उझबेक काही आहे का, हेही सांगा. कोणी बघितलाय का?

जुनीरीळ

बघितलाय, दोनतीनदा बघितलाय, आणि तुम्ही हा निवडलात याचा मनापासून आनंद झाला कारण आपल्याकडे सोव्हिएत सिनेमा म्हटलं की आइझेनस्टाइन नाहीतर तारकोव्स्की, त्यापलीकडे कोणी जातच नाही.

थोडी मागची गोष्ट सांगतो, पालकांशी बोलताना उपयोगी पडेल. ताश्कंदमध्ये स्टुडिओ उभा राहिला तो १९२५ च्या सुमाराला, तेव्हा त्याचं नाव 'शार्क युल्दुझी' म्हणजे पूर्वेचा तारा. सुरुवातीचे बरेचसे सिनेमे बाहेरून आलेल्या माणसांनी काढलेले आणि विषय ठरलेले, बुरखा, जमीनदार, मुल्ला. स्थानिक माणसांच्या हातात कॅमेरा यायला जरा वेळ लागला आणि जे आले त्यांचं पुढे काय झालं तेही सोपं नव्हतं. सुलेमान खोजायेव यांनी रशियाच्या झारविरुद्ध झालेल्या १९१६ च्या उठावावर 'पहाटेपूर्वी' नावाचा सिनेमा केला, तो दडपला गेला आणि १९३७ मध्ये त्यांना गोळी घातली. म्हणजे पुढे अब्बासोव ज्या स्टुडिओत काम करत होते त्या स्टुडिओची पार्श्वभूमी ही आहे हे लक्षात असू द्या.

मग युद्ध आलं. मॉस्को, लेनिनग्राड, कीवचे स्टुडिओ उचलून मध्य आशियात हलवले, आणि ताश्कंदच्या स्टुडिओत एकदम मोठमोठी माणसं काम करायला लागली. मुलांसाठी तुम्हाला जे हवंय ते खरं इथे आहे. 'नसरुद्दीन बुखारामध्ये', १९४३, दिग्दर्शक याकोव प्रोताझानोव, हे तेच ज्यांनी मूकपटांच्या काळात मंगळावर जाणाऱ्या माणसांचा 'एलिता' केला होता. नसरुद्दीनचं काम लेव स्वेर्दलिन यांनी केलंय. लिओनिद सोलोव्योव यांच्या कादंबरीवरून घेतलाय, म्हणजे सावकार जाफर, कर्जात बुडालेला कुंभार, त्याची मुलगी गुलजान, अमीराचा दरबार, आणि सगळ्यांना शब्दात पकडून आपलं काम साधणारा गाढवावरचा नसरुद्दीन. मुल्ला नसरुद्दीनच्या गोष्टी आपल्या मुलांना माहीत असतातच, त्यामुळे त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही, पहिल्या पाच मिनिटांत ओळख पटते.

आणि याचा कॅमेरा बघा. दानिल देमुत्स्की. युक्रेनी दिग्दर्शक दोव्झेंकोच्या 'धरती'चा कॅमेरामन, १९३० चा तो सिनेमा ज्यातली सफरचंदं आणि पाऊस जगभर शिकवतात. या माणसाला अटक करून ताश्कंदला हद्दपार केलं होतं, म्हणून तो तिथे. हद्दपारीत आलेल्या माणसाने बुखाराच्या भिंतींवरचं ऊन असं टिपलंय की काळ्यापांढऱ्यातही चटका जाणवतो. दोन वर्षांनी नबी गनियेव यांचा 'ताहिर आणि झुहरा' आला त्याचाही कॅमेरा देमुत्स्कीचाच, पण ती प्रेमकथा आहे, शेवट दुःखी आहे, तुमच्या वयोगटाला नको.

माझं मत विचाराल तर आधी नसरुद्दीन दाखवा, पुढच्या महिन्यात 'तू अनाथ नाहीस'. कारण दोन्ही ताश्कंदचे, आणि पहिला युद्ध चालू असताना काढलेला, दुसरा त्याच दिवसांबद्दलचा. मुलांना सांगता येईल की बघा, हा हसवणारा सिनेमा ज्या शहरात तयार होत होता त्याच शहरात तेव्हा आगगाड्या भरभरून अशी मुलं येत होती.

सातपुड्याचा_वारा

जड जाईल म्हणणाऱ्यांना एवढंच सांगा की मुलांना दुःख जड जात नाही, अर्धवट सांगितलेलं जड जातं. मी आदिवासी आश्रमशाळेत शिकवतो, तिथली मुलं सहा वर्षांची असल्यापासून आईवडलांपासून लांब राहतात, त्यांना असा सिनेमा दाखवला तर ती जास्त नीट बोलतात असा माझा अनुभव आहे, मोठी माणसंच अवघडून बसतात.

एक प्रॅक्टिकल गोष्ट. सबटायटल इंग्रजी असतील तर आठ वर्षांच्या मुलाला झेपणार नाहीत आणि ते मूल दहा मिनिटांत चुळबुळ करायला लागतं, मग बाकीची पण. आमच्याकडे एक जण पडद्याशेजारी बसून संवाद मराठीत मोठ्याने वाचतो. आधी दोनदा सिनेमा बघून कागदावर मराठी उतरवून घ्यायचं, सगळे संवाद नाही घ्यायचे, गरजेपुरते. आवाज सपाट ठेवायचा, नाटकी वाचन करायचं नाही, कारण पडद्यावरच्या माणसाचा मूळ आवाज मुलांना ऐकू यायला हवा. या सिनेमात तर याचा डबल फायदा आहे कारण त्यातल्या मुलांनाच एकमेकांची भाषा कळत नाहीये, तिथे तुम्ही मुद्दाम गप्प बसा, काहीच वाचू नका, बघणाऱ्या मुलांना तीच अवस्था कळू द्या.

ताश्कंदवासी

कामानिमित्त काही वर्षं ताश्कंदला आहे, म्हणून लिहिते.

सगळ्यात आधी पालकांना हे सांगा की ही गोष्ट खऱ्या कुटुंबावरून घेतलेली आहे. लोहाराचं नाव शाअहमद शामहमुदोव, पत्नी बहरी अक्रमोवा. स्वतःचं मूल नव्हतं. युद्धाच्या काळात त्यांनी पंधरा मुलं दत्तक घेतली, त्यात रशियन, बेलारूशी, युक्रेनी, ज्यू, तातार अशी सगळी होती. इथे हे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. पटकथा लिहिणारे रहमत फैझी यांनी पुढे याच कुटुंबावर 'हजरती इन्सोन' नावाची मोठी कादंबरी पण लिहिली.

आणि हे एकच घर नव्हतं हो. १९३९ च्या जनगणनेत सगळ्या उझबेकिस्तानची लोकसंख्या सुमारे ६३ लाख, आणि युद्धात पश्चिमेकडून इथे हलवलेली माणसं दहा लाखांच्या आसपास, त्यात मुलंच दोन लाखांच्या घरात असं इथे सांगितलं जातं. विचार करा, पाव रेशन कार्डावर, घरातले पुरुष आघाडीवर, शहरात टायफसची साथ, आणि स्टेशनवर रोज गाड्या उतरतायत. काही मुलांना स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं इतकी लहान. मोठे लेखक कवीसुद्धा त्याच गर्दीत इथे आले, अना अख्मातोवा होत्या, आणि मुलांचे लाडके कवी कोर्नेय चुकोव्स्की होते, प्राण्यांना बरं करणाऱ्या डॉक्टर आयबोलितच्या गोष्टीवाले. चुकोव्स्की इथे आलेल्या मुलांसाठी काम करत होते, अनाथाश्रमांत जात होते, आणि १९४२ मध्ये त्यांनी 'उझबेकिस्तान आणि मुलं' नावाची छोटी पुस्तिका लिहिली.

सिनेमाचं नाव आलंय ते गफूर गुलाम यांच्या १९४२ च्या कवितेवरून. गुलाम स्वतः पोरके, नऊ वर्षांचे असताना वडील गेले आणि पंधराव्या वर्षी आई, त्यामुळे परक्या पोराला जवळ घेऊन झोपवणारा बाप त्या कवितेत बोलतो ना तो वरवरचा वाटत नाही. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे नाझींच्या अत्याचाराच्या बातम्या येत होत्या तेव्हा, त्यांनी 'मी ज्यू आहे' अशीही कविता लिहिली होती. एक उझबेक मुसलमान कवी १९४१ साली हे लिहितो याचं मला आजही फार अप्रूप आहे. इथल्या मेट्रोत त्यांच्या नावाचं स्टेशन आहे, रोज माझी गाडी तिथून जाते.

शामहमुदोव कुटुंबाचं ब्राँझचं भव्य स्मारक १९८२ मध्ये शहराच्या मध्यभागी उभारलं, मधोमध लोहार, शेजारी त्याची बायको आणि भोवती मुलं. २००८ मध्ये ते तिथून काढून शहराच्या कडेला नेलं, आणि मग २०१८ मध्ये परत मूळ जागी आणून बसवलं. परत आणलं तेव्हा म्हाताऱ्या बायका तिथे फुलं ठेवताना मी बघितल्यात. तुमचे ते प्रचारवाले पालक आहेत त्यांना हे जरूर सांगा, सोव्हिएत संघ जाऊन तीस वर्षं होत आली तरी लोकांना ते स्मारक परत हवं होतं.

काळी_शाई

वरची माहिती उत्तम आहे पण प्रचार म्हणणाऱ्या पालकांचा मुद्दा इतक्या सहज बाजूला सारू नका, असं मला कळकळीने वाटतं.

ताश्कंदमध्ये मुलांना घरी नेणारी माणसं खरी आहेत, त्याबद्दल शंका नाही. पण त्याच गाड्या, त्याच रुळांवरून, दुसऱ्या माणसांनाही आणत होत्या. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडून पावणेदोन लाखांच्या आसपास कोरियन लोकांना उचलून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात आणून टाकलं. मे १९४४ मध्ये क्रिमियाचे तातार, जवळजवळ दोन लाख माणसं, बायका मुलं म्हातारे सगळे, तीन दिवसांत गाड्यांत कोंबून पाठवले, बहुतेक सगळे उझबेकिस्तानलाच, आणि पहिल्या दोनतीन वर्षांत त्यातले किती तरी मेले. त्यांना परत जायची मुभा मिळायला ऐंशीचं दशक संपत यावं लागलं. म्हणजे १९६२ मध्ये हा सिनेमा ताश्कंदच्या थिएटरात लागला तेव्हा त्या शहरात अशी तातार माणसं राहत होती ज्यांना लहानपणी अनाथ त्याच सरकारने केलं होतं जे सरकार पडद्यावर 'तू अनाथ नाहीस' म्हणत होतं. सिनेमात याचा एक शब्द नाही, असणं शक्यही नव्हतं.

म्हणून दाखवू नका असं म्हणत नाहीये. दाखवाच. पण तेरा वर्षांच्या मुलाला हे सांगता येतं आणि सांगावं. आठ वर्षांच्याला नको. दोन गट करून गप्पा घ्या.

पंचगंगाकाठ

काळी_शाई यांनी गाड्यांचं काढलंच म्हणून मला लिहावंसं वाटलं, कारण यातला एक धागा थेट आमच्या कोल्हापुरात येतो आणि तो मुलांना सांगितला पाहिजे असं मला फार वाटतं.

१९४० आणि ४१ मध्ये सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून लाखो पोलिश माणसं सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलली. जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर करार झाला, त्यांना सोडलं, आणि ही अर्धपोटी माणसं ऊब आणि अन्न शोधत दक्षिणेला, उझबेकिस्तानात उतरली. जनरल अँडर्स यांची पोलिश सेना तिथेच जमत होती, मुख्यालय ताश्कंदजवळ यांगियुलला. सेनेच्या आसऱ्याला हजारो पोरकी मुलं आली. मग १९४२ मध्ये तिथून लाखाच्या वर माणसं इराणला गेली, आणि मुलांचे काही गट अश्गाबात, मशहद करत ट्रकने भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला आसरा दिला हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यानंतर १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडेला मोठी छावणी उभी राहिली, सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, ती १९४८ पर्यंत तिथे राहिली. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. आजारी मुलांसाठी पाचगणीला वेगळी सोय होती. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे आणि तिकडे वॉर्सामध्ये वळिवडेच्या नावाचं स्मारक आहे.

म्हणजे बघा, ज्या हिवाळ्यात तुमच्या सिनेमातला लोहार स्टेशनवरून मुलं घरी नेतो त्याच हिवाळ्यात त्याच मुलखात दुसरी काही मुलं होती जी पुढे वर्षा दीड वर्षात आपल्याकडे येऊन राहिली, पंचगंगेच्या खोऱ्यात. माझ्या आजीला ती पोरं आठवायची, बाजाराला यायची म्हणायची, मोडकंतोडकं मराठी बोलायची. तुमच्या मुलांना नकाशावर ताश्कंद, अश्गाबात, मशहद आणि कोल्हापूर अशी रेघ ओढायला लावा, त्यांना एकदम कळेल की हे लांबचं नाहीये. कोल्हापूर जवळ पडत असेल तर त्यांना वळिवड्याला घेऊनच या, मी दाखवायला येईन, कुणाला विचारायची गरज नाही.

बालचित्रवेडी

केवढं मिळालं, सगळ्यांचे मनापासून आभार. वळिवड्याचं मला वाचून माहीत होतं पण त्या वाटेवर उझबेकिस्तान होतं हे असं जोडून कधी डोक्यात आलं नव्हतं. पंचगंगाकाठ, आम्ही सातारचे, नक्की येणार, निरोप पाठवते.

काळी_शाई, तुमचं म्हणणं मोठ्या मुलांच्या गटात घेणार. फक्त एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे. सिनेमात 'तू अनाथ नाहीस' असं सरकार म्हणत नाही, ते दोन म्हातारी माणसं म्हणतात, आणि मला वाटतं अब्बासोव यांनी हे जाणून केलंय. मी परत बघितला तो याच नजरेने. भाषणं, मिरवणुका, झेंडे यांच्यावर सिनेमाचा जीव नाही. जीव आहे तो खाणाऱ्या तोंडांचा हिशोब करण्यावर, रात्री कोणाला कुठे झोपवायचं यावर, आणि एक मूल अजून घरात विश्वासाने बसत नाही त्याला कसं बसवायचं यावर. लुत्फीखानिमचा चेहरा बघा, ती कुठेच महान बाई दिसत नाही, दमलेली दिसते, कधी वैतागलेली दिसते, आणि तरी हात चालूच. प्रचारपटातल्या बायका दमत नाहीत. १९६२ म्हणजे स्टालिननंतरचा, ख्रुश्चेव्हचा काळ, जरा मोकळीक आलेली, आणि त्या मोकळिकीत एकतिसाव्या वर्षी या दिग्दर्शकाने मोठ्या घोषणेच्या आत एक खरं घर उभं केलं, असं मला वाटतं.

जुनीरीळ

हे फार नेमकं लिहिलंत. आणि तुमच्या म्हणण्याला आधार म्हणून अब्बासोव यांचा आधीचा सिनेमा बघा, 'महाल्लादा दुव दुव गाप', १९६०, म्हणजे सगळ्या मोहल्ल्यात एकच चर्चा. विनोदी आहे, जुनी मातीची घरं पाडून नवे फ्लॅट येतायत आणि मुलांची लग्नं कशी ठरवायची यावरून आयाबायांचे वाद. त्यातही लुत्फीखानिम आहेत. तो बघितला की कळतं या माणसाला ताश्कंदचं अंगण आतून माहीत होतं, कोण कुठे बसतं, कोण कोणापुढे आवाज चढवतं, भाकरी कोण मोडून वाटतं. स्वतः कोकंदचे होते, १९३१ चा जन्म, म्हणजे युद्धाच्या वेळी दहाबारा वर्षांचे. ज्या वयाच्या मुलांबद्दल सिनेमा आहे त्याच वयाचे. त्यांनी ती मुलं आपल्या गल्लीत बघितली असणार.

त्याच साली, १९६२ मध्ये, तारकोव्स्कीचा 'इव्हानचं बालपण' आला. तोही युद्धात पोरका झालेला मुलगा, पण तो मुलगा सूडाने पेटलेला, आघाडीवर हेरगिरी करणारा, त्याला कोणी परत लहान करू शकत नाही. अब्बासोव यांचा सिनेमा नेमका उलट टोकाला उभा आहे, तिथे सगळी मेहनत मुलांना परत लहान करण्याची आहे. तारकोव्स्कीचा सिनेमा महान आहे हे मान्य, पण मी मुलांपुढे कोणता ठेवेन हे मला पक्कं ठाऊक आहे.

आणि मोठ्या गटासाठी, बारा तेरावाल्यांसाठी, अजून एक. 'ताश्कंद, भाकरीचं शहर', १९६८, परत अब्बासोव. अलेक्सांद्र नेवेरोव यांची १९२३ ची कादंबरी, पटकथा आंद्रेय कोंचालोव्स्कीची. १९२१ चा व्होल्गाकाठचा भयानक दुष्काळ, समाराकडच्या खेड्यातला मिश्का दोदोनोव, घरात भुकेली आई आणि लहान भावंडं, कोणीतरी सांगतं ताश्कंदला धान्य मिळतं, आणि हा पोरगा आगगाडीच्या टपावर, डब्यांच्या मधे लटकत, हजारो मैलांवर निघतो. कादंबरीत त्याच्या बरोबर निघालेला मित्र वाटेत आजारी पडून जातो आणि मिश्का एकटा पुढे जातो. हा मात्र खरंच कठीण सिनेमा आहे, आठ वर्षांच्या मुलांना अजिबात नको.

पण दोन्ही शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते जी मला फार मोलाची वाटते. वीस वर्षांच्या अंतराने दोन आपत्ती, आणि दोन्ही वेळा लेकरं पश्चिमेकडून याच स्टेशनवर येतात. एका सिनेमात येणाऱ्या मुलाच्या डोळ्यांनी ताश्कंद आहे, दुसऱ्यात दार उघडणाऱ्याच्या डोळ्यांनी. मॉस्कोच्या सिनेमात मध्य आशिया म्हणजे मागास, शिकवण्याची गरज असलेला मुलूख असायचा, आणि इथे एक उझबेक दिग्दर्शक शांतपणे दाखवतोय की तुमची मुलं उपाशी होती तेव्हा ती आमच्याकडे जेवली. १९६० च्या दशकात हे म्हणणं लहान गोष्ट नव्हती.

चिमणीचं_घर

आमच्याकडेही असाच ग्रुप आहे म्हणून दोन शब्द. एवढं गंभीर झाल्यावर लहान मुलांसाठी शेवटी काहीतरी दंगेखोर हवं. 'शुम बोला' बघा, १९७७, दिग्दर्शक दामिर सलीमोव. हेही गफूर गुलाम यांचंच, १९३६ ची त्यांची लघुकादंबरी, क्रांतीच्या आधीच्या ताश्कंदमधला एक वांड मुलगा घरून पळतो आणि ठिकठिकाणी उचापती करतो. ताश्कंदवासी यांनी सांगितलेलं कवीचं बालपण माहीत असलं तर त्या हसण्याच्या खाली काय आहे तेही जाणवतं, पण मुलांना ते सांगायची गरज नाही, ती नुसती हसतात.

आणि पालकांना खूष करायचं असेल तर 'अली बाबा और चालीस चोर', धर्मेंद्र, हेमामालिनी, झीनत अमानचा. तो उझबेकफिल्म आणि मुंबईची ईगल फिल्म्स यांचा एकत्र काढलेला सिनेमा आहे, दिग्दर्शक लतीफ फैझियेव आणि उमेश मेहरा, संगीतात आर. डी. बर्मन. आपण लहानपणी तो हिंदी सिनेमा म्हणूनच बघितला, तोच सिनेमा तिकडे ताश्कंदची मुलं आपला म्हणून बघत होती.

ताश्कंदवासी

'शुम बोला'ला दुजोरा. इथे प्रत्येकाला त्यातले संवाद पाठ आहेत, ऑफिसातली पन्नाशीची माणसं चहाच्या वेळी म्हणून दाखवतात. शोधताना इंग्रजी नावाने शोधू नका, उझबेक नाव टाका, जास्त सापडतं.

अजून एक, सिनेमाच्या दिवशी मुलांना काही खायला देणार असाल तर इथली 'नोन' म्हणजे तंदूरची जाड गोल रोटी, ती ताटात प्रत्येकाला वेगवेगळी द्यायची पद्धत नाही, मधोमध ठेवून हाताने मोडून सगळ्यांना वाटायची, आणि कधी पालथी ठेवायची नाही, इथे ते फार वाईट समजतात. आपल्याकडची साधी तंदुरी रोटी चालेल. सिनेमा बघताना कोण कोणाला तुकडा देतंय हे मुलांच्या आपोआप लक्षात यायला लागेल.

बालचित्रवेडी

ठरलं मग. या महिन्यात नसरुद्दीन सगळ्यांना, पुढच्या महिन्यात 'तू अनाथ नाहीस', संवाद मराठीत वाचून, मुलं एकमेकांची भाषा समजत नाहीत तिथे गप्प राहून. नंतर लहान गटाला रोटी आणि नकाशा, मोठ्या गटाबरोबर काळी_शाई यांचा मुद्दा आणि वळिवडे. विरोध करणाऱ्या पालकांपैकी एकांना हा धागा वाचायला दिला, ते म्हणाले मोठ्या गटाच्या गप्पा मी घेतो, क्रिमियाबद्दल मला बोलायचंय. 'भाकरीचं शहर' मी आधी स्वतः बघते आणि मग ठरवते.

मराठी संवादांचा कागद तयार झाला की इथे टाकते, म्हणजे बाकीच्या ग्रुपना वापरता येईल. उझबेक उच्चार तपासायला ताश्कंदवासी ताई मदत कराल का?

ताश्कंदवासी

हो, पाठवा. शेजारच्या आजींना पण ऐकवते, त्या आनंदाने चुका काढतील.